अण्णांनी तापवलेलं पाणी

"रोहिणी, तुझे वडील पत्र्यावर चढलेत गं!"

सासूबाईंची हाक आली तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात धावले. द्राक्षं पॅक करायच्या आमच्या शेडच्या पत्र्यावर अण्णा उकिडवे बसले होते. अंगात बनियन, खाली वर्कशॉपच्या काळातली खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल, आणि गळ्यात ठिबकच्या काळ्या नळ्यांचं भेंडोळं. बागेतल्या बायका हातातल्या कात्र्या थांबवून वर बघत होत्या. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्या हसल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं.

"अण्णा, आधी खाली या बरं."

"थांब गं. पत्रा किती तापतो ते बघू राह्यलो."

"अहो, बाया बघतायत."

"बघू दे की. त्यांना काय तिकीट लावलंय?"

"निदान पँट तरी घाला ना."

"पँटीने घसरायला होतं," अण्णा वरून म्हणाले आणि भेंडोळं उलगडायला लागले. मोठ्या घराण्यात लेक दिली तर बापाने कसं हातात टोपी धरून यावं, पेढे ठेवावेत, चहा घ्यावा आणि जावं. माझा बाप येऊन थेट छपरावर चढला होता, आणि त्याला बोलावलं होतं मीच.

झालं होतं असं, की आदल्या वर्षी द्राक्षांनी बरा हात दिला म्हणून माझ्या नवऱ्याने, हर्षलने, बंगल्यामागे पोहण्याचा तलाव बांधला. नाशिक-मुंबईचे लोक बागा बघायला येतील, दोन खोल्यांत राहतील, पाण्यात डुंबतील असा त्याचा बेत. पण बागा बघण्यासारख्या असतात थंडीत, आणि निफाडची थंडी म्हणजे पेपरात नाव येणारी. आलेली पाहुणेमंडळी तलावात पायाचा अंगठा बुडवायची, किंचाळायची, फोटो काढायची आणि शेकोटीकडे पळायची. त्यातच माझ्या सासऱ्यांच्या, दादांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, कोमट पाण्यात चाला. दादा रोज कठड्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "घरात एवढा तलाव, अन् मला चालायला घमेलंभर गरम पाणी नाही."

पाणी तापवायच्या यंत्राचा भाव विचारायला एका कंपनीचा माणूस बोलावला होता. आकडा ऐकून हर्षलने त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याच रात्री जेवताना मी बोलून गेले, "अण्णांना विचारू का? ते काहीतरी जुगाड करतील."

अण्णा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. आई गेल्यापासून एकटेच राहत होते. फोन केला की म्हणायचे, जेवलो, झोपलो, मजेत आहे. ते मजेत नव्हते हे मला आवाजावरून कळायचं. पण काही कारण काढल्याशिवाय ते लेकीच्या दारात पाऊल टाकणारे नव्हते. माझ्या मनात होतं ते एवढंच, की हा हीटर चालला तर तो सांभाळायला तरी त्यांना इथे राहावं लागेल. निदान थंडीभर. आणि नाही चालला तर सासरच्यांना पुन्हा त्यांचं नाव सांगायची मला सोय उरणार नव्हती.

अण्णा आले, तलाव बघितला आणि डोक्याला हात लावला. मनमाडला नळाला पाणी येतं तेव्हा सण असल्यासारखे हंडे बाहेर निघतात. "आम्ही एका बादलीत आंघोळ, कपडे अन् तुळस उरकतो," ते दादांना म्हणाले, "अन् तुम्ही तळंच्या तळं तापवायला निघाले!"

"तापतंय का सांगा, व्याही," दादा म्हणाले.

"उन्हात टाकलेला पाइप धरून बघितला का कधी? हात पोळतो. मंग?"

आमची एक जुनी बाग त्या वर्षी काढून टाकली होती. तिच्या ठिबकच्या काळ्या नळ्यांचे ढीग शेडमागे पडून होते. अण्णांनी त्या धुतल्या, त्यांची भोकं बारक्या प्लास्टिकच्या बुचांनी एकेक करून बुजवली आणि दक्षिणेकडच्या पत्र्यावर चकलीसारखे वेढे घालत नेल्या. तलावातलं पाणी पंपाने वर चढवायचं, नळ्यांमधून फिरवायचं आणि दुसऱ्या टोकाने परत तलावात सोडायचं. पंपाचा स्टार्टर त्यांनी शेतातल्या दोन मोटरींच्या स्टार्टरशेजारी, पंपाच्या खोलीत बसवला. काम साधंच होतं. गळती मात्र दर तासाला नवीन निघायची, आणि ती निघाली की अण्णा हाफपँटवर पत्र्यावर.

माझी लाज फक्त हाफपँटीची नव्हती. अण्णा आमच्याकडे जेवत नव्हते.

राहायलाही ते बंगल्यात आले नाहीत. पंपाच्या खोलीला लागून मजुरांची एक खोली होती, तिथे त्यांनी मनमाडहून आणलेला स्टोव्ह मांडला आणि तांदूळ-डाळीच्या पिशव्या खुंटीला लावल्या. दोन्ही वेळ खिचडी. चहा घ्यायचे. "चहा काही जेवण नाही," असा त्यांचा त्यांनीच निकाल लावला होता. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ताट केलं, तेव्हा मीच घाईघाईने म्हणाले, "त्यांना पित्ताचा फार त्रास आहे, बाई. खिचडीच चालते."

"मग खिचडी आपण टाकू की," सासूबाई म्हणाल्या.

"त्यांना त्यांच्याच हातची लागते."

सासूबाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ताट झाकून ठेवलं. पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर रोज दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो, की मागून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. दादा मान खाली घालून जेवायचे. हर्षल टीव्हीचा आवाज वाढवायचा.

पण हीटर चालला. शेतीची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री; त्या आठवड्यात ती दिवसा होती. सकाळी ती आली की अण्णा पंप सुरू करायचे, दुपारी नळीच्या टोकाशी हात धरून उभे राहायचे आणि दादांना हाक मारायचे. दादा काठी टेकत यायचे, हात धरायचे.

"अरे वा! व्याही, हे तर चहाला आधण ठेवल्यावानी आहे."

"एवढं नाही. पण आंघोळीला घेता येईल."

संध्याकाळी अण्णा बागेवर टाकायच्या जुन्या प्लास्टिक कागदाने तलाव झाकून ठेवायचे. दिवसागणिक पाण्यातला गारठा कमी होत गेला. शनिवारी दादांनी पाय सोडून बघितले आणि जाहीर केलं, "उद्या मी उतरणार. उद्या हुरड्याला सगळे आहेत, त्यांनाही दाखवू."

रविवारच्या हुरड्याला सासूबाईंची बहीण, नाशिकची मावशी, आणि तिची सुना-मुलं येणार होती. मी शनिवारी संध्याकाळी अण्णांसाठी हर्षलचा एक चांगला शर्ट इस्त्री करून नेला. ते पंपाच्या खोलीत होते. माझ्यासमोर त्यांनी नवा स्टार्टर बंद केला, त्यावर हात ठेवून मला म्हणाले, "आज रात्रीपासून लाइट रात्रपाळीची आहे. हा आता बंदच राहू दे. रात्री पाणी वर गेलं तर थंडी घेऊन खाली येईल."

"अण्णा, उद्या हा शर्ट घाला. आणि पँट."

"घालतो गं बाई."

"आणि उद्या तरी सगळ्यांबरोबर..." मी म्हणाले आणि थांबले.

"तू त्यात पडू नको," अण्णा म्हणाले. "एक बापाची रीत असते. लेकीच्या घरचं खाऊन बसला, असं तुला उद्या कोणी बोलायला नको."

रविवारी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर सगळे तलावाभोवती जमले. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होती, मावशीची नातवंडं पोहायचे चष्मे लावून तयार. अण्णा इस्त्रीच्या शर्टात कोपऱ्यात उभे होते, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखे. दादांनी टॉवेल बाजूला ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आमच्या व्याह्यांचं काम. कंपनीवाले बघत राहतील!" आणि दांड्याला धरून पायऱ्या उतरले. थांबून थांबून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते छातीपर्यंत गेले.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी त्यांच्या ऑपरेशनच्या वेळीही ऐकला नव्हता.

हर्षलने कपड्यांनिशी उडी मारली. त्याच्याही तोंडून शिवी गेली. दोघातिघांनी मिळून दादांना बाहेर ओढलं. दातावर दात आपटत होते, गुडघा आखडला होता, ओठ निळे. सासूबाई शालीवर शाल टाकत होत्या. मुलं आधी घाबरली आणि मग कोणीतरी फिस्सकन हसलं. एकदा एक हसल्यावर सगळेच हसायला लागले.

"ताई, हा हीटर आहे का फ्रीज?" मावशी म्हणाली.

अण्णा पंपाच्या खोलीकडे धावले. मी त्यांच्या मागे. रात्रीची लाइट सकाळी गेल्याने पंप थांबलेला होता. नव्या स्टार्टरचं ऑटोचं बटण चालूवर होतं. शेजारच्या दोन्ही मोटरींचंही.

मला लगेच कळलं. आमच्याकडे लाइट रात्रीची असली की दादा झोपण्याआधी पंपाच्या खोलीत एक चक्कर मारायचे आणि ओळीने सगळे ऑटो टाकून यायचे, म्हणजे लाइट आली की मोटरी आपोआप सुरू होतात. इतक्या वर्षांची सवय, डोळे मिटूनही हात तिथे गेला असता. काल त्यांच्या हाताला दोनऐवजी तीन लागले, त्यांनी तीन टाकले. पंपाची घरघर शेजारी झोपलेल्या अण्णांनी शेतातल्या मोटरींचीच समजली असणार. रात्रभर तलावाचं पाणी उघड्या पत्र्यावर निफाडच्या थंडीत फिरून आलं होतं. इतक्या दिवसांचं ऊन एका रात्रीत गेलं.

अण्णांनी बटण खाली केलं. माझ्याकडे न बघता बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्याकडून बंद करायचा राहिला. चूक झाली."

"अण्णा!" मी म्हणाले. "तुम्ही बंद..."

"रोहिणी." त्यांनी एवढंच म्हटलं, आणि मी गप्प बसले. शालींमध्ये गुंडाळलेले दादा अण्णांकडे बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दात वाजत होते आणि सासूबाईंनी त्यांना आत नेलं.

दुपारी पंगत बसली. पिठलं, भरीत, ठेचा, बाजरीच्या भाकरी. मी वाढत होते. मागून स्टोव्हचा आवाज आला.

"व्याही नाही आले जेवायला?" मावशीने विचारलं. "रागावले का आम्ही हसलो म्हणून?"

"त्यांना पित्त..." मी सुरू केलं.

"अगं, ते नाही जेवत आपल्याकडे," सासूबाई मावशीला म्हणाल्या. आवाज हळू होता, टोमण्याचा तर अजिबात नव्हता. "जुन्या वळणाचे आहेत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घेत नाहीत."

"अगंबाई. म्हणजे अजून काही..."

"नाही ना."

मावशीची नजर माझ्या पोटाकडे गेली आणि लगेच पिठल्याकडे वळली. तिच्या दोन्ही सुनांनी आपापल्या मुलांच्या पानात वाकून बघितलं. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणजे या घरात पित्ताची गोष्ट एक दिवसही कोणाला पटली नव्हती. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती, नाशिकच्या डॉक्टरांचे जिने चढून झाले होते, आणि या घरात मला त्यावरून एक शब्द कधी कोणी बोललं नव्हतं. तो शब्द रोज दोन वेळा मागच्या खोलीतून स्टोव्ह बोलत होता.

मी मागे गेले. खिचडी शिजत होती आणि अण्णा पिशवी भरत होते. हर्षलचा शर्ट घडी घालून खाटेवर ठेवला होता.

"दुपारची गाडी मिळेल," ते म्हणाले. "आता राहण्यात अर्थ नाही. तुझी मान खाली घालायला लावली मी."

"ऑटो दादांनी टाकला."

"माहीत आहे मला. म्हणून काय व्याह्याला त्याच्याच दारात, त्याच्या पाहुण्यांसमोर चूक म्हणायचं? तुला इथे राहायचंय."

"त्याने नाही माझी मान खाली गेली, अण्णा."

"मग हाफपँटीने?"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच रडूही. मी स्टोव्ह बंद केला.

"याने," मी म्हणाले. "तुम्ही इथे खिचडी टाकता ना, त्याने. तुम्हाला वाटतं, तुम्ही माझा मान ठेवताय. अण्णा, तुम्ही जेवत नाही तेव्हा प्रत्येक वेळी त्या पंगतीत सगळ्यांना आठवतं की रोहिणीला मूल नाही. मी वाढत असते आणि सगळे माझ्याकडे न बघता जेवतात. या घरातलं माणूस मला कधी बोललं नाही हो. तुम्ही मात्र दिवसातून दोनदा बोलता."

अण्णा खाटेवर बसले. त्यांच्या हातात पिशवीचे बंद होते, ते त्यांनी सोडले नाहीत.

"मी असं नव्हतं धरलं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तुझी आई म्हणायची, रीत पाळावी म्हणजे लवकर होतं. मी ते सोडलं तर... मला वाटलं, माझ्यामुळे तुझं काही अडायला नको."

म्हणजे हा माणूस माझ्यासाठी नवस पाळावा तसा खिचडीवर राहत होता. मला त्यांचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. उरली ती नुसती लाज. ती त्यांची की माझी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. अशी गोष्ट बापाला तोंड उघडून सांगावी लागते, आणि त्याने ती लेकीच्या तोंडून ऐकून घ्यावी लागते, याची लाज. आम्ही दोघंही खाली बघत होतो.

मग अण्णा उठले. खाटेवरचा इस्त्रीचा शर्ट त्यांनी घातला, नीट गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या, नळावर हातपाय धुतले आणि माझ्या पुढे चालत पंगतीकडे गेले.

"जागा आहे का एखादी?" त्यांनी दारातून विचारलं.

दादा दोन स्वेटर घालून भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी शेजारी बसलेल्या मावशीच्या नातवाला सरकवलं आणि पाटावर हात मारला. "या, व्याही." अण्णा बसेपर्यंत थांबले आणि मग मोठ्याने, सगळ्यांकडे बघत म्हणाले, "तो ऑटो मी टाकला होता रात्री. सकाळपासून सांगीन सांगीन म्हणतोय, जीभ उचलत नव्हती. आता तुम्ही बसले, आता सांगतो."

"जाऊ द्या हो," अण्णा म्हणाले.

"जाऊ द्या कसं? तुम्ही माझ्यापायी बोलणं खाल्लं."

"त्याच्यानेच पोट भरलं असतं, पण लेकीने ऐकलं नाही," अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने मावशी हसली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? वाढ ना त्यांना."

मूल मला पुढेही झालं नाही. या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. अण्णा त्याची वाट बघत बसले असते तर माझ्या घरचा एक घासही न खाता गेले असते. त्या थंडीत ते राहिले. पुढच्या आठवड्यात लाइट दिवसाची झाली, पाणी पुन्हा तापलं, आणि दादा त्यात चालले.

पण मला आठवते ती त्या दुपारची पंगत. सात वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या घरात अण्णांना वाढत होते. माहेरी असताना त्यांचं जेवण मला पाठ होतं. तीन भाकरी, वर भात, आणि पिठलं दोनदा. वर्कशॉपमधून आले की आई ताट भरून ठेवायची आणि ते बघता बघता संपायचं. मी तसंच वाढलं. विचारलं नाही, मला विचारायची गरज नव्हती. तीन भाकऱ्या ठेवल्या, पिठल्यावर तेल सोडलं, भाताचा ढीग केला आणि समोर बसले.

अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली. मग आणखी एक तुकडा मोडला आणि तो बोटांत धरून तसेच बसले. पंगतीत सगळे बघत होते म्हणून त्यांनी तो कसाबसा तोंडात घातला, बराच वेळ चघळला, पाण्याबरोबर गिळला. मग मान वर न करता, मला एकटीलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "रोहिणी, काढून घे बाळा. आता एवढं जात नाही."